रानकोंबडीच्या दारातली पेटी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात राहणाऱ्या म्हाताऱ्या कासवाची ही गोष्ट आहे. त्या जंगलात हत्तीने धबधब्यावर चक्र बसवून वीज तयार केली होती आणि बिळाबिळांत तारा नेल्या होत्या. वापरलेल्या विजेबद्दल महिनाअखेरीस घरोघरचे धान्य गोळा करायचे, हे कासवाचे काम. चालून चालून त्याचे पाय भरून येत. कोल्हा तर त्याला दुरून पाहताच आत सरके आणि "बाबा घरी नाहीत," असे पिल्लांकडून सांगून मोकळा होई. कासव उसासा टाकून पुढे जाई.

थकबाकी वाढत गेली, तसा हत्तीही कंटाळला. त्याने प्रत्येक दारात एक पेटी बसवली. "आधी दाणे टाका, मग वीज वापरा. दाणे संपले की दिवा बंद," त्याने सर्वांना बजावले. कासवाला तो म्हणाला, "तू आता बस. खूप चाललास." कासवाला बरेच वाटले.

त्या आषाढात आठ दिवस झड लागली. रानकोंबडीचा पाय मुरगळल्यामुळे तिला दाणे टिपायला जाता येईना. तिची चार पिल्ले दिव्याच्या उबेला बसत. एका दुपारी तो दिवा विझला. चिवचिव ऐकून वाटेने जाणारे कासव आत डोकावले.

"पेटीतले दाणे संपले, कासवदादा," कोंबडी म्हणाली. "मी तिला म्हटले, चार दिवस थांब, पाय बरा झाला की दुप्पट टाकते. ती ऐकत नाही."

"ती कशी ऐकणार, बाई," कासव म्हणाले आणि स्वतःचे धान्य आणायला निघाले. वाटेत कोल्ह्याचे बीळ लागले. आत लख्ख उजेड होता. त्याने थेट खांबावरच आकडा टाकला होता. चिखल तुडवत कासव परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. दिवा लागला. तीन पिल्ले हळूहळू हालचाल करू लागली. चौथे हलले नाही.

दुसऱ्या दिवशी कासव हत्तीकडे गेले.

"पेटी चोख आहे. एक दाणा बुडत नाही," हत्ती म्हणाला.

"बुडतो. कोल्ह्याने चोरून तार जोडली आहे, ती पेटीला दिसली नाही. कोंबडीचे पिल्लू गारठून गेले, तेही दिसले नाही."

हत्तीने कान पाडले. मग म्हणाला, "पेट्या काढून टाकू का?"

"नको. एवढे चालणे आता मला झेपत नाही. पण दिवा बंद करण्याआधी कुणीतरी दारात जाऊन विचारावे. तेवढ्यापुरता मी जाईन."

हत्तीने ते मान्य केले. त्याच दिवशी त्याने कोल्ह्याचा आकडा सोंडेने ओढून काढला. नंतर तो कोंबडीच्या दाराशी गेला आणि पावसात बराच वेळ उभा राहिला.

तात्पर्य : यंत्र वसुली करू शकते, पण अडलेला कोण आणि लबाड कोण, हे दारात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.