ठकू भोईणीचा बिनउंबरठ्याचा दवाखाना

फार वर्षांपूर्वी, पाथरघेऱ्याच्या घाटात अजून मोटार शिरली नव्हती आणि आजारी माणूस दुसऱ्यांच्या खांद्यांवरूनच गावाबाहेर पडायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या जाणत्यांना विचाराल तर ते सांगतील, दवाखाना पंचांनी बांधला. त्यांचं ऐकू नका. पंचांनी एक दवाखाना बांधला होता खरा, पण तिथे माणसं बरी होत नव्हती. जिथे होतात, तो ठकू भोईणीचा.

ठकूचा नवरा डोली वाहायचा. डोली म्हणजे काय, तर जाड बांबूच्या दांड्याला टांगलेलं घोंगडं. आजाऱ्याने त्यात आडवं व्हायचं, एकाने पुढून खांदा द्यायचा, एकाने मागून. नवरा साप चावून गेला आणि मागचा खांदा रिकामा पडला. त्या जागी कोण लागणार यावर भोईवाडीतले बापये वाद घालत बसले. त्यांचा वाद संपायच्या आत ठकूने पदर खोचला आणि दांडा उचलला. तेव्हापासून पुढे तिचा दीर म्हादू आणि मागे ती.

पुढच्याला वाट दिसते, मागच्याला आजाऱ्याचा चेहरा दिसतो. ठकूने असे शेकडो चेहरे पाहिले. कुठल्या चढाला माणूस दात खातं, कुठल्या वळणाला डोळे मिटतं, हे तिला तोंडपाठ झालं. असं म्हणतात, की तिला दुखणं वजनावरून कळायचं. ती म्हणायची, घाबरलेलं माणूस जड लागतं, आणि जीव निवला की तेच माणूस हलकं होतं. वैद्य नाडी धरायचा, ठकू दांडा धरायची.

मग एके वर्षी सरकारातून कळवलं, की गावाने इमारत दिली तर आठवड्यातून दोनदा डॉक्टर येईल. पंच बसले. मधोमध सुभानजी खोत. आता या पंचांना मानाची इमारत एकच ठाऊक होती, ती म्हणजे देऊळ. म्हणून त्यांनी दवाखानाही देवळासारखाच बांधला. देवळाशेजारी, टेंबावर म्हणजे गावावरच्या टेकाडावर, पंचक्रोशीतून दिसेल असा. बारा दगडी पायऱ्या, गुडघ्याएवढा कोरीव उंबरठा, दार ठेंगणं, आणि डॉक्टर बसणार आतल्या अंधाऱ्या खोलीत, गाभाऱ्यात बसवल्यासारखा.

"देवापुढे वाकतात तसं औषधापुढेही वाकावं माणसाने," सुभानजी खोत म्हणाला, आणि पंचांनी माना डोलावल्या. ज्याची कंबर मोडली त्याने वाकायचं कसं, हे विचारायला पंचांत एकही मोडक्या कमरेचा नव्हता. वर जायची वाट देवळाच्या अंगणातून, आणि त्या अंगणात भोईवाडीपलीकडच्या, खालच्या दोन वाड्यांना पाय ठेवायची बंदी. म्हणजे दवाखाना सगळ्या गावाचा आणि वाट निम्म्या गावाची.

ठकूची एकुलती एक लेक सगुणा. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा ठकूने पोटच्या पोरीला डोलीत घातलं. पायऱ्यांवर डोली तिरपी झाली, पोर घसरून पायाकडे गोळा झाली. दाराशी दांडा वळेना. "ऊठ गं बाय, जरा वाक, पाय उचल," असं म्हणत ठकूने तिला बाराव्या पायरीवर उतरवलं. मूल तिथेच झालं. रडलं नाही. डॉक्टर आत होता, चार हातांवर.

पंच म्हणाले, देवाची मर्जी.

त्यानंतर लोक टेंबावर जाईनासे झाले. अंगारा लावून घरीच पडून राहायचे. पंच म्हणाले, लोक अडाणी आहेत.

दोन वर्षांनी सगुणाला पुन्हा दिवस राहिले. चौथा महिना लागला तसं तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आये, या खेपेला मला तिकडं नेऊ नको. व्हायचं ते घरात होऊ दे."

ठकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. घरी ठेवावं तर पहिल्या वेळेसारखं अडेल, टेंबावर न्यावं तर पुन्हा तीच पायरी. लेकीला वाचवायचं तर दवाखानाच हलवायला हवा, एवढं तिला लख्ख कळलं. हातात पाच महिने होते.

ती पंचांकडे गेली. उभ्या उभ्या सांगितलं, दवाखाना खाली आणा, उंबरठा काढा.

"ठके, तू डोली वाहा," खोत म्हणाला. "इमारतीचं आम्ही बघतो."

"आडवं होऊन बघितलीय का कधी?"

पंच हसले. एकजण म्हणाला, बाईमाणसाच्या खांद्यावर दांडा आला की तोंडालाही बळ येतं. ठकू परत फिरली.

चैत्रात टेंबावर जत्रा भरायची. खोताने मेण्यात बसून वर जायचं आणि मेणा भोयांनी वाहायचा, असा रिवाज होता. त्या चैत्रात खोत जरीची पगडी घालून ओट्यावर आला, तर खाली मेणा नाही. डोली घेऊन ठकू आणि म्हादू उभे. आजूबाजूला चारी वाड्यांची माणसं.

"मेणा कुठाय?"

"मेणा यंदा नाही, खोतसाहेब. भोईवाडीचं ठरलंय. वर जायचं तर आडवं होऊन जायचं. गाव जातं तसं."

"मी काय आजारी आहे?"

"नाही ना. मग भ्यायचं कशाला?"

मागून कुणी बाई हसली. मग सगळ्याच हसल्या. खोत इरेला पेटला. पगडी गड्याच्या हातात दिली आणि डोलीत आडवा झाला.

सपाटीवर बरं चाललं होतं. पायऱ्या लागल्या तसा खोत घसरून पायाकडे आला. पाचवीला त्याने दांडा धरला. नववीला त्याला घाम फुटला. बाराव्या पायरीवर दांडा दाराच्या खांबाला अडला आणि डोली गर्रकन हलली.

"उतरव मला," खोत म्हणाला. "जातो चालत."

"तुम्हाला उतरता येतं, खोतसाहेब. आजाऱ्याला नाही येत." ठकूचा आवाज चढला नाही. "सगुणाला मी इथंच उतरवलं होतं. याच पायरीवर."

खोताने जन्मभर मेण्यातून भोयांच्या पाठी पाहिल्या होत्या. त्या दिवशी डोलीत पडल्या पडल्या त्याला पहिल्यांदा चेहरा दिसला. घामाने निथळणारा, आणि त्याच्यावरची नजर न हलवणारा. ठकूने पदराने त्याचं कपाळ पुसलं. कुणाही आजाऱ्याचं पुसायची, तसंच.

"मग कुठं असावा म्हणतेस?" खोताने विचारलं.

"ते खांदा सांगेल," ठकू म्हणाली, आणि डोली मागे फिरली.

असं म्हणतात, की त्या दिवशी ठकूने खोताला सगळं गाव हिंडवलं. वरची आळी, ओढा, खालच्या दोन्ही वाड्या. खोताने ज्या घरांकडे कधी मान वळवली नव्हती, त्यांच्या दारांवरून तो आडवा गेला. आणि हिंडता हिंडता, चारी वाड्यांच्या वाटा जिथे मिळतात त्या माळावर, कुणाचंच अंगण मधे येत नाही अशा जागी, डोली एकाएकी हलकी झाली. इतकी, की ओंजळभर फुलं घातल्यासारखी. म्हादूला वाटलं खोत पडला. वळून बघतो तर खोत झोपलेला. गाढ, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून.

"इथं," ठकू म्हणाली.

खोत उठला तेव्हा त्याने हो म्हटलं. बाकीचे पंच मात्र शेवटपर्यंत कुरकुरले, कारण चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

ठकूने मापं घेतली ती जमिनीवर आडवं पडून. उताणी पडायची, डोळे फिरवायची आणि गवंड्याला म्हणायची, इथून वाट दिसत नाही, खिडकी खाली घे.

"अगं, गुडघ्याला खिडकी? चोर शिरतील."

"काय नेतील, खोकला?"

दार एवढं रुंद केलं, की डोली, दोन भोई आणि रडणारी दोन माणसं एकदम आत जावीत. सोबतीला आलेल्यांसाठी लांब पडवी काढली, तिच्या टोकाला चुली मांडल्या. आणि उंबरठा घातलाच नाही. अंगणातली माती तशीच सपाट आत गेली. तेव्हा पंच पुन्हा धावत आले. बिनउंबरठ्याची वास्तू म्हणजे काय, लक्ष्मी राहील का तिथे?

ठकू म्हणाली, "घरात राहावं म्हणून उंबरठा. इथं राहायचं कुणाला? रोगाने जायचंय, माणसाने घरी जायचंय. वाट मोकळी बरी."

शेवटचं कौल चढलं आणि आठव्या दिवशी सगुणाला कळा सुरू झाल्या. पोर नको नको म्हणत होती. ठकूने तिला डोलीत घातलं आणि दांडा उचलला. पोर दगडासारखी जड लागली. भीतीने जड. ठकू तिच्या डोळ्यांत बघत चालत राहिली, बोलत राहिली. काय बोलली ते कुणालाच माहीत नाही. म्हादू सांगायचा, वहिनी नुसती शेतातल्या पाखरांची नावं घेत होती.

थोड्या वेळाने सगुणाने विचारलं, "आये, कधी येणार गं दवाखाना?"

"आलो की. आत आहोत आपण."

पोरीला कळलंच नव्हतं. ना डोली तिरपी झाली, ना टेकली, ना कुणी ऊठ म्हणालं. तिने मान वळवली तर खालच्या खिडकीतून आपल्या वाडीची वाट दिसत होती. असं म्हणतात, की तेव्हा ठकूच्या खांद्यावरचा दांडा आपोआप वीतभर वर उचलला गेला. मूल झालं. मुलगी. ती एवढ्या जोरात रडली, की टेंबावरच्या देवळातली घंटा हलली, असंही म्हणतात. घंटेचं मला सांगता येत नाही. मुलगी रडली, हे मात्र खरं. तिची नातवंडं अजून गावात आहेत.

आता त्या माळावर सिमेंटचा दवाखाना आहे, सात खोल्यांचा. ठकूचं नाव पाटीवर नाही, पाटीवर भलतीच नावं आहेत. पण दर चैत्रात भोईवाडीची पोरं-पोरी डोली काढतात आणि गावातल्या सर्वांत मानाच्या म्हाताऱ्याला तीत आडवं करतात. त्याला प्रत्येक दारातून, प्रत्येक वळणावरून, संडासापर्यंत फिरवतात. जो आडवा होत नाही, त्याने दवाखान्याच्या कामात वर्षभर तोंड उघडायचं नाही. डोलीत म्हाताऱ्याने जिथे जिथे तोंड वाकडं केलं, तिथे तिथे मागची पोर चुन्याचं बोट लावते.

गेल्या चैत्रात माजी सरपंच आडवे झाले होते. नव्या खोलीच्या दाराशी इंजिनियरने दोन पायऱ्या घातल्या आहेत, तिथे ते कण्हले. मग म्हणाले, छे, काही नाही झालं मला. पोरीने तरी बोट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला.