सहा बशा आणि चिमूटभर राख

एका बंदराच्या गावात एक पारखीणबाई राहायची. गावात गलबतं यायची, म्हणून घरोघरी चिनी मातीची भांडी होती. पण भांड्यांच्या बुडाला ना शिक्का, ना नाव. मग कुठली, किती जुनी, हे कसं कळणार? चला पारखीणबाईंकडे!

बाई बशी उजेडात धरायच्या. पलीकडची बोटं दिसली की माती कुठली ते कळायचं. मग नखानं टिचकी मारून आवाज ऐकायच्या. शेवटी बशी उलटी करून बुडाच्या कडेवरून बोट फिरवायच्या. तिथं चकाकी चढवलेली नसते. कडा खरखरीत लागली तर बशी नवी, वापरून झिजून गुळगुळीत लागली तर जुनी. पानाला चुना लावून होईपर्यंत निकाल तयार!

स्वतःचं वय मात्र त्या गेली सहा वर्षं एकोणचाळीसच सांगत होत्या. असो. आपल्यातही असतात अशा बायका.

त्यांचा एक हट्ट होता. बशीच्या मालकाला त्या काहीच विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "माणसं थापा मारतात. बूड नाही मारत."

एक दिवस गलबतवाल्यांची शेठाणी तणतणत आली. मागून तिच्याकडे भांडी घासणारी तान्हूमावशी, हातात सहा बशा घेऊन. बशांवर निळे मासे.

"बाई, माझ्या आजेसासूच्या बारा बशा होत्या, अश्शाच माशांच्या," शेठाणी म्हणाली. "शंभर वर्षांच्या. कपाटात बघते तर सहाच! आणि सहा हिच्या घरी!"

"माझ्या धन्यानं आणल्यात गं बाई," तान्हूमावशी म्हणाली. "खलाशी होता तो. आमचं लग्न झालं त्या साली आणल्या. पंचवीस वर्षं झाली."

"मासे तेच कसे मग?"

"आता माशांनी काय तुमच्याच घरी यायचं?"

जमलेली माणसं हसली. पण तान्हूमावशीनं बशा छातीशी धरल्या. बशा शंभर वर्षांच्या ठरल्या, तर ती गावभर चोर ठरणार होती.

बाईंनी बशी उजेडात धरली. टिचकी मारली. बुडावरून बोट फिरवलं. कडा सुपारीसारखी गुळगुळीत!

"चीन देशातली," बाई म्हणाल्या. "आणि शंभर वर्षांची. एक दिवस कमी नाही."

शेठाणीनं पदर सावरला. तान्हूमावशीनं डोळे पुसले आणि बशा पुढे सरकवल्या.

"घ्या. पण बाई, एक विचारू? तुमच्या घरी बशा कशानं घासता?"

"मी?" बाई गोंधळल्या. "मी कशाला घासू? बाई येते ना घासायला."

"तेच म्हटलं. मी राखेनं घासते. त्यात चिमूटभर वाळू, आणि नारळाचा काथ्या. दिवसातून दोनदा, पंचवीस वर्षं. वर, खाली, बुडाला, सगळीकडे."

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. मग जन्मात पहिल्यांदा मालकिणीला प्रश्न विचारला.

"शेठाणीबाई, तुमच्या बशा वापरता कधी?"

"छे! फुटतील ना! दसऱ्याला काढून पुसतो आणि परत ठेवतो."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता गप्प बसलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. गावात दुसरं कोण होतं बूड बघणारं? निकाल दिलेला होता, माणसंही घरी निघाली होती.

"थांबा!" बाई ओरडल्या. "चुकलं माझं. साफ चुकलं. कपाटात बसलेली बशी शंभर वर्षांत झिजेल कशी? झिजली ती घासून. शेठाणीबाई, तुमच्या उरलेल्या सहा घेऊन या बरं."

शेठाणी गेली. बऱ्याच वेळानं परतली, पण तणतणत नाही, हळूहळू. हातात जुन्या लुगड्याचं बोचकं होतं.

"सहा कपाटात होत्या," ती पुटपुटली. "आणि सहा वरच्या फळीवर, मागे. सासूबाईंनी गुंडाळून ठेवल्या असणार."

बाईंनी बोट फिरवलं. बाराही बशांची बुडं खरखरीत!

"ऐका सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "तान्हूमावशीच्या सहा तिच्याच. धाकट्या आहेत, पण कष्टानं म्हाताऱ्या दिसतात."

"माझ्यासारख्याच!" तान्हूमावशी म्हणाली, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

शेठाणीनं तिचे हात धरून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तिला पाटावर बसवून आजेसासूच्या बशीत करंज्या वाढल्या. शंभर वर्षांत त्या बशीनं पहिल्यांदाच करंजी पाहिली. नंतर ती बशी घासायला शेठाणी स्वतः बसली. राखेनं नाही हं, मऊ फडक्यानं!

तेव्हापासून पारखीणबाईंच्या दारात बशी आली, की त्या आधी विचारतात, "बसा. ही रोज कोण घासतं?" आणि स्वतःचं वयही खरं सांगतात. म्हणजे, एक्केचाळीस सांगतात. सुधारणा हळूहळूच व्हायची.

तात्पर्य: नुसतं बूड बघून निकाल देऊ नये; ज्याच्या हातानं ते झिजलं, त्याला आधी विचारावं. आणि चुकलो, तर माणसं घरी पोचायच्या आत सांगून टाकावं.