धूर नसलेलं गलबत

त्या राज्यात बगळे काळे होते. जन्मतः नव्हते, पण पंख फुटून आठवडा झाला की होत. बंदरात दिवसरात्र आगबोटी उभ्या असत आणि त्यांच्या धुराड्यांतली काजळी छपरांवर, शिजल्या भातावर, तान्ह्या पिल्लांच्या नाकात बसे. सगळं राज्य खोकत असे. बाजारात भाव करताना खोकत, लग्नात अक्षता टाकताना खोकत, आणि याला तिथे हवामान म्हणत.

खोकल्यावर औषध होतं. पलीकडच्या बेटावर अडुळसा उगवे. तो आणायला आगबोटी जात. बोटीचं निम्म्याहून अधिक पोट कोळशानं भरलेलं, उरलेल्या कोपऱ्यात पाला. तो पोचेपर्यंत काळा पडे. लोक तोच उकळून पीत, थुंकत, आणि आणखी मागवत. मग आणखी बोटी सुटत. सगळ्या बोटी एका रेड्याच्या होत्या. रेड्याला हा धंदा फार पसंत होता आणि राज्याला रेडा फार पसंत होता. मूर्खांचं एकूण बरं चाललं होतं.

एके दिवशी बंदराच्या तोंडाशी शिडाचं गलबत येऊन थांबलं. त्यावर एकटी पाणमांजरीण. तिची धाकटी बहीण या बंदरात लोकांचे कपडे धुऊन पोट भरी, आणि गेल्या हिवाळ्यापासून तिला धड श्वास घेता येत नव्हता. म्हणून ही गलबतभर अडुळसा घेऊन निघाली होती. आगबोटीला सात दिवस लागत, हिला अकरा लागले. पण पाला आत्ता झाडावरून उतरवल्यासारखा हिरवागार होता.

बंदराच्या तोंडावर साखळदंड होता. तो खाली सोडायचं काम मनोऱ्यातल्या बगळ्याकडे. त्या हवेत बोट म्हणून त्याला कधी दिसतच नसे. काळा लोट वर चढला की बोट आली, एवढाच त्याचा नियम. नियम जुना, बगळा त्याहून जुना.

"साखळी सोड की रे!" पाणमांजरीण ओरडली.

"कशासाठी?"

"गलबत आलंय."

"कुठंय? धूर दिसत नाही."

"याला धूर नसतोच. वाऱ्यावर चालतं."

"मग आलेलं नाही," बगळा म्हणाला आणि पाठ फिरवून खोकत बसला.

दोन दिवस तिनं त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पाल्याची मोळी पाठीला बांधून ती साखळीखालून पोहत गेली ती थेट बहिणीच्या दारात. काढा उकळला, पाजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण दोरीवर कपडे टाकता टाकता शेजारणीशी कडाकडा भांडली, मध्ये एकदाही दम न घेता. ते भांडण ऐकायला सगळी आळी जमली आणि तिथूनच धक्क्यावर धावली. "गलबत आत घ्या! गलबत आत घ्या!"

रेडा घाबरला नाही. तो कधीच घाबरत नसे, सभा बोलावत असे. सभेत सगळ्यात मोठ्यानं ओरडले कोळसा वाहणारे उंदीर. "वाऱ्याला हमाल लागतात का हो? आमच्या पोरांनी काय खायचं?" त्यांची थुंकी काळी होती, पण बोलणं खोटं नव्हतं, आणि रेड्याला तेवढंच हवं होतं. तो उठून पाणमांजरिणीकडे वळला.

"ताई, आमचा मुळीच विरोध नाही. शीड तर काय देखणं आहे! राज्याला भूषण. फक्त नियमापुरतं एक धुराडं बसवून घ्या. छोटंसं."

"धुराडंच बसवायचं तर मी आले कशाला?"

"अहो, त्या म्हाताऱ्या बगळ्याला दिसायला नको का?"

सभा हसली, मग खोकली, आणि ठराव झाला. त्याच ठरावात मालाच्या सुरक्षेसाठी साखळीखाली जाळं लावायचंही ठरलं. पोहून जायची वाट बंद झाली.

पाणमांजरीण गलबतावर अडून बसली. पाच दिवस बसली. पण गलबताच्या पोटातला पाला अडून बसणाऱ्यांतला नव्हता. तो कडेनं पिवळा पडू लागला. बहिणीकडची मोळी संपली. सहाव्या दिवशी वारा फिरला आणि गावाकडून शेकडो खोकले तिच्या कानावर आले. त्यातला एक तिनं ओळखला.

"बसवा," ती म्हणाली.

धुराडं नेमकं डोलकाठीच्या जागीच बसत होतं, म्हणून डोलकाठी कापली. धुराड्याला भट्टी लागते आणि भट्टीला कोळसा. कोळशाला जागा हवी म्हणून पाला पोटातून काढून वर उघड्यावर रचला, धुराड्याच्या बुडाशी. पहिला जाळ डोलकाठीच्याच ढलप्यांवर धरला. लाकूड चांगलं होतं, मिठाच्या हवेत मुरलेलं. काळा लोट सरळ आभाळात गेला.

"आली! आली!" मनोऱ्यातून बगळा किंचाळला. "केवढी मोठी बोट आली!"

साखळी खाली पडली. धक्क्याला लागेपर्यंत पाला राज्याच्या ओळखीचा झाला होता. बहीण तो उकळून प्यायली. प्यायलाच हवा होता, दुसरा कुठला होता?

शीड तेवढं उरलं. ते वाया जाऊ द्यायला रेडा काही उधळ्या नव्हता. त्यानं त्याचे हातहातभर चौकोन फाडले आणि काजळी नाकातोंडात जाऊ नये म्हणून डोईगणिक एक वाटला, अगदी फुकट. रांगा लागल्या. उंदरांनी रेड्याच्या गळ्यात हार घातला, आणि तो घालताना काहींचे डोळे भरून आले.

पुढल्या आठवड्यात पाणमांजरीण पुन्हा अडुळसा आणायला निघाली, सात दिवसांच्या वाटेनं. निरोप द्यायला सगळी आळी धक्क्यावर आली होती. बहीण सगळ्यात पुढे. प्रत्येकाच्या तोंडावर पांढरा चौकोन बांधलेला. गलबत वळलं, त्याचा धूर धक्क्यावर उतरला आणि सगळे एकदम खोकू लागले. खोकल्यासरशी ते शेकडो चौकोन पुढे फुगले, गच्च, वारा भरल्यासारखे, आणि तिथल्या तिथे सैल पडले.