तीन थव्यांतला मणिकेत

एका राज्यात प्रसेन नावाचा राजा होता. राजा शूर, पण कानाचा हलका. धाकटा भाऊ मणिकेत गादीवर डोळा ठेवून आहे, असं प्रधानानं त्याच्या मनात भरवलं. राजानं शहानिशा केली नाही. मांत्रिकाला बोलावून आज्ञा केली, “याला असं रूप दे, की कोणी ओळखू नये.”

मांत्रिकानं मणिकेताचा दिव्यावर झेपावणारा पतंग केला. पतंग फिरायचे रात्री. हा मात्र दिवसाढवळ्या उडे, आणि बघणारा त्याला भलताच जीव समजे.

पुढे प्रधानाचं कपट उघडं पडलं. राजानं त्याला हद्दपार केलं, पण मणिकेताला मूळ रूप देऊ शकणारा मांत्रिक तोवर मरून गेला होता. राजाला अन्न गोड लागेना. तेव्हा वाड्याच्या कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला आणि माणसाच्या वाणीनं बोलला, “राजा, तुझा भाऊ रानात आहे. तीन थव्यांत तो तीनदा दिसेल; तिन्ही वेळा त्याला ओळख आणि नावानं हाक मार. हाक चुकीच्या जीवाला गेली, तर तो जन्मभर पतंगच राहील.”

राजा एकटाच रानात गेला.

कारळ्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या, सगळ्या सारख्याच पट्ट्यांच्या. राजा उन्हात बसून राहिला. माश्या मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन पोळ्याकडे जात, परत येत. एकीचे पाय कोरडे होते. ती पोळ्याकडे वळतच नव्हती. तिला जायला घर नव्हतं. राजानं हाक मारली, आणि ती माशी हवेत विरून गेली; ओळख बरोबर ठरली होती.

पुढे रुईवर काळे भुंगे भेटले. त्यांच्या मिशा कोपरात मोडल्यासारख्या वाकलेल्या; एकाच्या मात्र पतंगासारख्या सरळ, टोकाशी जाड. राजानं हाक मारली. तोही विरला.

शेवटी धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर पाखरं दिसली. ती डहाळीला पाय रोवून चोच खुपसत. एक इवला जीव कुठेच टेकत नव्हता. हवेत जागच्या जागी थरथरत, गुंडाळलेली सोंड उलगडून तो मध पीत होता. डोक्यावर मिशा होत्या. पाखराला मिशा कुठून? राजाच्या मनात आलं, ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याला इतकं निरखून आपण कधी पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर प्रधानाचा शब्द खरा वाटला नसता.

“मणिकेता,” तो हळूच म्हणाला.

मंत्र उतरला. धायटीखाली मणिकेत उभा राहिला. अंगानं रोड, पण तोच. त्यानं वाकून मुजरा केला. “काय आज्ञा आहे, महाराज?”

बोबडं बोलायचा तेव्हापासून त्यानं राजाला दादा म्हटलं होतं.

“दादा म्हण,” राजा म्हणाला.

मणिकेतानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. “जिभेवर येत नाही, महाराज.”

दोघे राजधानीत परतले. मणिकेत प्रधान झाला, न्याय चोख झाला, प्रजा सुखात नांदू लागली. राजानं तो शब्द पुन्हा मागितला नाही.