जेवढी भोके, तेवढ्या फांद्या

एकदा एक वृद्ध मासेमार उत्तरेकडच्या एका अतिथंड प्रदेशात आपल्या शिष्यासह राहत होता. आपल्याकडे पाणी गोठते ते फ्रीजमध्ये. तिकडे हिवाळ्यात अख्खे सरोवर गोठते आणि त्यावरून घोडे जुंपलेल्या घसरगाड्या खुशाल ये-जा करतात. अशा वेळी मासे धरायचे तर बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि बसून राहायचे. म्हाताऱ्याने जन्मभर हेच केले, तेही हाताने फिरवायच्या जुन्या गिरमिटाने. हिवाळ्यात गावाच्या ताटात मासा पडे तो त्याच्या गळाचा.

त्या वर्षी मात्र त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. बर्फावर बसायचे नाही, असे वैद्याने बजावले. शिष्य तयार असेल तर सरोवर त्याच्या हवाली करावे, नसेल तर म्हाताऱ्यानेच आणखी एक हिवाळा काढावा, असे गावात ठरले. तयार आहे की नाही, ते गुरूने सांगायचे. शिष्याचा गुरूवर जीव होता. म्हाताऱ्याने आता शेकोटीपाशी बसावे, असे त्याला मनापासून वाटे, आणि सरोवर आपल्या हाती यावे असेही वाटे. या दोन इच्छा एकाच दिशेला ओढू लागल्या की त्यातला आपला स्वार्थ कोणता, हे माणसाला कळत नाही. त्यालाही कळले नाही.

त्याला काळजी होती ती गिरमिटाची. जुने फिरवता फिरवता भर थंडीत घाम फुटे. बाजारात आता यंत्राची गिरमिटे आली होती. एक बॅटरीवरचे, हलके, वाडग्याएवढे भोक पाडणारे. दुसरे पेट्रोलवरचे, गारठ्यात चालू व्हायला जरा रुसणारे. आणि तिसरे चांगलेच दांडगे. ते ताटाएवढे भोक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाडी. व्यापाऱ्याने अर्थातच तिसऱ्याचे पोवाडे गायले, आणि एक दिवस वापरून पाहा, म्हणून ते देऊही केले.

कोणते घ्यावे, असे शिष्याने गुरूला विचारले.  कोयता घेऊन, लंगडत लंगडत म्हातारा घरामागच्या झाडीत गेला, देवदाराच्या हिरव्या फांद्या तोडून त्याने मुठीत मावेल एवढी जुडी बांधली आणि ती शिष्याच्या हातात ठेवली.

"उद्या हवं ते यंत्र ने," तो म्हणाला. "फांद्या मात्र एवढ्याच."

त्या गावाची एक रीत होती. बर्फात ज्याने भोक पाडले, त्याने निघताना तिथे एक हिरवी फांदी रोवायची. भोकावर थोड्याच वेळात दुधावर धरावी तशी पातळ साय धरते, वर हिम भुरभुरते, आणि भोक दिसेनासे होते. फांदी दिसली की लांबूनच कळते, इथे पाय टाकायचा नाही. ही रीत शिष्याला लहानपणापासून ठाऊक होती. यंत्राचे विचारावे तर म्हातारबुवा जुडी हातात देतात, याचे त्याला हसूच आले. साठी बुद्धी नाठी, असे मनात म्हणून त्याने दांडगे यंत्र उचलले.

दुसरा दिवस त्याच्यासाठी सणासारखा उजाडला. यंत्र गरजे, बर्फाचा चुरा उडे, पाणी भसकन वर येई. जुन्या गिरमिटाने एक भोक पाडले की दुसरे नको रे बाबा म्हणून माणूस तिथेच ठाण मांडून बसे. आता धीर धरण्याचे कारणच उरले नव्हते. मासा लागला नाही, की चार पावले पुढे जाऊन दुसरे भोक. दुपारपर्यंत जुडी संपली. फांद्या काय, जाताना तोडून आणू, असे म्हणून तो पुढे सरकत राहिला. सरोवराच्या मध्यावर मासळी अशी लागली की टोपली शिगोशीग भरली. तो गाणे गुणगुणू लागला.

तेवढ्यात हिम भुरभुरू लागले. थोड्या वेळाने त्याने मागे वळून पाहिले, तर सगळीकडे एकसारखे पांढरे. काठाजवळ काही हिरव्या फांद्या होत्या. त्यापुढे कुठे काय आहे, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. आणि तो बाजाराचा दिवस होता. गावकऱ्यांच्या घसरगाड्या पैलतीरावरून याच वाटेने परतायच्या होत्या. ताटाएवढ्या भोकात धावत्या घोड्याचा पाय गेला, तर घोडा पुन्हा उठत नाही, आणि मागच्या माणसांचे काय होईल ते सांगायला नको. 

टोपली तिथेच टाकून, काठीने बर्फ चाचपत तो पैलतीराकडे धावला. गाड्या निघण्याच्या बेतात होत्या. त्याने घोड्यांपुढे हात पसरले, आपण काय करून बसलो ते सगळ्यांदेखत सांगितले आणि काठाकाठाने लांबच्या वाटेने जाण्याची विनवणी केली. लोक चिडले. पाय गारठलेल्या एका आजीने त्याचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण गाड्या वळल्या.

परत येऊन पाहतो, तर म्हातारा सरोवरावर. दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत, काठीने बर्फ ठोकत, एकेका भोकापाशी फांदी रोवत होता. शिष्याला रडू आवरेना. दोघांनी मिळून उजेड असेतो उरलेली सगळी भोके शोधली.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?" त्याने विचारले.

"यंत्राचा आवाज घरात येत होता. जुडीपेक्षा जास्त वेळा आला."

"मग लहान यंत्र घे, असं कालच का नाही सांगितलंत?"

म्हातारा बर्फावरच टेकला. "सांगितलं असतं, तर तू माझ्या शब्दाखातर घेतलं असतंस. अरे, भोक किती लवकर पडतं, हे तू दुकानात विचारलंस. पाडलेल्या भोकाची राखण कोण करणार, हे विचारलंस का? माझं शहाणपण म्हणशील तर ते गिरमिटाचंच होतं. हात दुखायचे, म्हणून भोकं थोडी पडायची, आणि सगळी लक्षात राहायची. तुझे हात आता दुखणार नाहीत. थांबायचं कुठे, ते तुलाच ठरवावं लागेल. जेवढ्याची राखण आपल्याला झेपते, तेवढीच ताकद आपली."

शिष्याने मान खाली घातली. सरोवराचे नाव काढायचीही त्याला लाज वाटली. ते म्हाताऱ्यानेच काढले.

"चुकलास खरा. पण भरली टोपली टाकून घोड्यांपुढे उभा राहिलास. उद्यापासून सरोवर तू सांभाळ."

सकाळी शिष्याने दांडगे यंत्र परत केले. यात काही बिघाड आहे का, असे व्यापाऱ्याने विचारले. यंत्र उत्तम आहे, असे सांगून त्याने बॅटरीवरचे लहान घेतले. बॅटरी गारठू नये म्हणून ती अंगरख्याच्या आत छातीशी धरून तो रोज सरोवरावर जाऊ लागला. भोके मोजकी पाडी आणि एकेका भोकापाशी निवांत बसे. मासे गावाला पुरले, घोडेही धडधाकट राहिले.

घरी शेकोटीपाशी म्हातारा सकाळी कान देऊन बसायचा. यंत्र घरघरे, थोड्याच वेळात थांबे, आणि मग कितीतरी वेळ सरोवरावर शांतता असे. त्या शांततेत म्हाताऱ्याला छान झोप लागायची.