धूर नसलेला अग्नी

एकदा एका वृद्ध न्यायशास्त्र्यांकडे एक शिष्या तर्क शिकायला येत असे. शिष्या म्हणजे कोवळी मुलगी नव्हे. चाळिशीला टेकलेली, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणारी बाई. बुद्धी तल्लख, पण पेपर तपासायचे राहून जायचे, सभा विसरायच्या, बोलता बोलता मन भलतीकडे निघून जायचे. 'वेंधळी' आणि 'आळशी' ही दोन विशेषणे तिने लहानपणापासून इतकी ऐकली होती, की ती आपल्या नावाचाच भाग आहेत असे तिला वाटे. मोठ्या माणसांतल्या एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या अवस्थेबद्दल, कुठेतरी तिच्या वाचनात आले आणि प्रश्न पडला, की हा आपला दोष आहे, की आपल्या मेंदूची घडणच अशी आहे? त्यातच मुख्याध्यापकांनी बजावले, की महिन्याभरात डॉक्टरांचा कागद तरी आणा, नाहीतर राजीनामा द्या.

ती एका नामांकित डॉक्टरांकडे गेली. वेळ चुकेल या धास्तीने तिने फोनमध्ये एकामागून एक गजर लावले होते, नवऱ्याला आठवण करायला सांगितले होते, आणि तरीही भरवसा न वाटून ती फार आधीच येऊन जिन्यात बसून राहिली होती. साडीला कडक इस्त्री होती, उत्तरे घोकून तयार होती. डॉक्टर हसले. वेळेवर आलात, एमए झालात, नोकरी करता, म्हणजे तुम्हाला काही झालेले नाही, जरा शिस्त लावा, असे म्हणाले. शिस्तीचा उपदेश तिला घरीच भरपूर मिळत होता. त्यासाठी जिना चढायची गरज नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी एकटीने जायचा धीर होईना, म्हणून तिने गुरुजींना सोबत नेले. ते एक चकचकीत केंद्र होते. एक तरुण गृहस्थ पडद्यावर खुणा करीत गेले. विसरता का, कंटाळा येतो का, लक्ष उडते का. समोरचा चहा निवायच्या आत निदान झाले. "आहे तुम्हाला," ते म्हणाले, "हल्ली पुष्कळांना असतं." शिक्का मारलेला कागद टेबलावर आला, त्याखाली गोळ्यांची चिठ्ठी. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'हो' म्हणाले होते. तिने हात पुढे केला, तोच गुरुजींनी तो कागद उचलला, त्याची नीट घडी घातली आणि त्या गृहस्थांच्याच पुढ्यात परत ठेवला. मग नमस्कार करून ते बाहेर पडले.

रस्त्यावर येताच ती संतापली. नोकरी गुरुजींची नव्हे, आपली जाणार आहे, असे तिने त्यांना तोंडावर सुनावले. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले.

"अगं, आपण शिकलो काय?" ते म्हणाले. "धूर दिसला की तिथे अग्नी असतो. पण धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असं म्हणता येतं का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला कुठे धूर असतो? पहिल्याला तुझ्यात धूर दिसला नाही, त्याने अग्नी नाही म्हणून सांगितलं. वेळेवर पोहोचण्यासाठी तू आत किती जळलीस, हे विचारलं नाही. आणि या दुसऱ्याने धुकं पाहिलं आणि आग लागली म्हणून ओरडला. लक्ष तर झोप नसली तरी उडतं, थायरॉइड बिघडलं तरी उडतं, दुःखानेही उडतं. तुझ्या लहानपणाबद्दल त्याने एक शब्द तरी काढला का? घाईचा होकार हा घाईच्या नकाराचा सख्खा भाऊ. एकाने तुला आळशी ठरवलं, दुसऱ्याने शिक्का मारला. पाहिलं कोणीच नाही. मुलीला स्थळ आलं तर आपण चार घरी चौकशी करतो, आणि स्वतःचं मन ज्याच्या हाती द्यायचं, त्याला 'तुम्ही तपासता कसं' एवढं विचारायला लाजतो. तुला उत्तर हवंय, की नुसता कागद?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फोन लावायला सुरुवात केली. तपासणी कोण करणार, त्यांचे शिक्षण काय, लहानपणाची माहिती घेणार का, निदानानंतर पुढे काय, असे ती सरळ विचारू लागली. एका ठिकाणची स्वागतिका वैतागली. "मॅडम, तपासणी तुमची करायची आहे की आमची?"

"आधी तुमची," ती म्हणाली. पलीकडून फोन आपटला गेला.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी न रागावता सगळी उत्तरे दिली. बैठका एकापेक्षा जास्त लागतील. तिला लहानपणापासून पाहिलेल्या थोरल्या भावाशी बोलावे लागेल. रक्त आणि झोप तपासावी लागेल. काही लक्षणे सारखी दिसतात, म्हणून ऑटिझमचाही विचार करावा लागेल.

"आणि तुमच्या मते मला यातलं काहीच नसेल तर?" तिने विचारले.

"तर तसं सांगेन, आणि हा त्रास कशाचा आहे ते शोधायला मदत करीन. आज मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' हे वाक्य आधीच्या दोघांपैकी एकाच्याही तोंडून आले नव्हते. तिने तिथेच वेळ घेतली.

ठरल्या दिवशी मुख्याध्यापकांनी कागद मागितला. "मिळत होता सर, शिक्क्यासकट," ती म्हणाली. "मी घेतला नाही. तपासणी पुरी झाली की खरा आणीन. त्यात 'नाही' लिहिलेलं असलं तरी आणीन. तोवर राजीनामा मिळणार नाही, आणि तोवर मला कोणी नावं ठेवायची नाहीत. तुम्हीसुद्धा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मुख्याध्यापकांनी मुदत वाढवून दिली.

जो तुम्हाला तपासणार आहे, त्याला आधी तुम्ही तपासा. आणि तेवढ्याने तो रागावला, तर खुशाल उठून या.