खाणीवरचा होकार

वैशाख वद्य चतुर्थी, बुधवार. सकाळपासून वारा पडलेला. आभाळ गढूळ होते आणि दगडखाणीची धूळ खाली बसायचे नाव घेत नव्हती. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ती नुसती लोंबकळत होती.

एका गावाबाहेरच्या या खाणीवर त्या उन्हाळ्यात एक तरुण बाई मुलांना शिकवायला येऊ लागली. तिचे नाव ऋजुता. गावातल्या ग्रंथालयात ती नोकरी करी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी खाणकामगारांच्या मुलांचा वर्ग घेई. हा उन्हाळी वर्ग एका वृद्ध शिक्षकांनी सुरू केला होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातली काही माणसे जमवली होती. त्यांत कोणी शिंपी होता, कोणी औषधाच्या दुकानात बसणारा, कोणी घर सांभाळणारी. मोबदला कुणालाच नव्हता. ऋजुता त्यांतली सर्वांत नवी. शिकवावे कसे हे ती आप्पांकडे पाहून शिकत होती.

मुले घरात वडारी बोलत आणि मुकादमापुढे मराठी. पत्र्याच्या शेडमध्ये ती दाटीवाटीने बसत. ऋजुता फळ्यावर बेरीज मांडी, सावकाश सोडवून दाखवी आणि वळून विचारी, "कळलं का?"

"होऽऽऽ!"

सगळ्यांचा तो एकच आवाज पत्र्याला धडकून खाली येई. ऋजुताला त्याने बरे वाटे. शेजारच्या झाडाखाली वर्ग घेणारे औषधवाले साळवीकाका म्हणत, "ऋजुता, तुझा वर्ग म्हणजे बँडपथक आहे बघ. आमची कार्टी तोंडच उघडत नाहीत."

तिचे खरे लक्ष मात्र एका मुलीवर होते. दुर्गव्वा नावाची ही मुलगी दहा वर्षांची, अंगाने उफाड्याची. शाळेत कधी गेलेली नाही म्हणून गेल्या वर्षी गावातल्या शाळेने तिला पहिलीत बसवले. चिमुरड्या पोरांत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. पोरे तिला 'मावशी, मावशी' म्हणू लागली. ती घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी कबूल केले होते, की मी मुलीशी बोलून पाहते. चौथीत निभावेल असे वाटले तर चौथी, नाहीतर पहिली. दुर्गव्वाच्या आईने, यल्लव्वाने, आपले म्हणणे आधीच सांगून टाकले होते. "पयलीत बसिवली तर न्हाई धाडनार, बाई. धाकटं पोरगं हाय सांभाळाया. खडी उचलाया बी हात लागतोय."

म्हणजे जे काही व्हायचे ते या उन्हाळ्यातच.

त्या बुधवारी आप्पा शेडमध्ये येऊन मागे बसले. थोडा वेळ त्यांनी ऐकले. मग म्हणाले, "बाई, आज मी शिकवू का थोडं?"

ऋजुताने आनंदाने खडू दिला. आप्पा फळ्यापाशी गेले, घसा साफ केला आणि गंभीरपणे बोलू लागले. "मुलांनो, नीट ऐका. झिंबराचे प्रकार दोन. ओलं झिंबर आणि बोडकं झिंबर. ओल्या झिंबराला पाखोळ लावला की त्याची होते तरकीट. पण बोडक्या झिंबराला पाखोळ कधी लावायचा नाही, कारण त्याला मुळातच गुंजवण असते." त्यांनी फळ्यावर एक गोल काढला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. "कळलं का?"

"होऽऽऽ!"

"हणमंता, कळलं?"

"हो सर!" हणमंत हा दुर्गव्वाचा चुलतभाऊ, तिच्याच वयाचा, चुणचुणीत, आणि तिच्याबरोबर यंदा शाळेत जाणारा.

"दुर्गे, तुला?"

"हो," दुर्गव्वा म्हणाली. तिने पाटीवर तो गोल काढला होता, रेघांसकट.

"शाब्बास." आप्पांनी फळा पुसला आणि मुलांना पाणी प्यायला सोडले.

ऋजुताचा चेहरा उतरला होता. "आप्पा, ही काय चेष्टा? झिंबर म्हणजे काय असतं?"

"मला तरी कुठं माहीत?"

"मुलांची थट्टा केलीत तुम्ही."

"मुलांची नाही गं," आप्पा म्हणाले. आता थट्टा कुणाची, हे ऋजुताला विचारावे लागले नाही. तिने खाली पाहिले.

आप्पा फळीवर टेकले. "हे 'हो' त्यांना तू शिकवलेलं नाहीस. ते घरून घेऊन आलेत. सुरुंग लावायच्या आधी मुकादम ओरडतो, 'कळलं का रे?' तेव्हा जो 'नाही' म्हणतो, त्याला उद्या काम नसतं. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, ही गोळी सकाळची, ती रात्रीची, समजलं? दुर्गीची आई म्हणते, 'हो जी.' आणि बाहेर येऊन ती पुडी हातात घेऊन उभी राहते. आपलं 'नाही' ऐकून घ्यायला समोरच्याला सवड नाही, हे ज्यांना ठाऊक असतं, ते 'हो' म्हणून दार लावून घेतात. आणि आपण कडी वाजल्याचा आवाज ऐकून समजतो, की धडा आत पोचला."

ऋजुताने पुसलेल्या फळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मग मी विचारू तरी काय?"

"'कळलं का' हे विचारूच नकोस. 'काय कळलं नाही' ते विचार. आणि मग थांब. थांबणं अवघड जातं."

अवघड गेलेच. दुसऱ्या दिवशी ऋजुताने विचारले, "यातलं काय कळलं नाही?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. बाई रागावल्या असाव्यात, असेच त्यांना वाटले. मग हणमंताने अंदाज घेतला आणि ओरडला, "कायच न्हाई कळलं!" त्याबरोबर सगळा वर्ग आनंदाने गर्जला, "कायच न्हाईऽऽऽ!"

झाडाखालून साळवीकाका म्हणाले, "वा! पथकानं नवीन गाणं बसवलं वाटतं."

तरी ऋजुता रोज तोच प्रश्न विचारी आणि थांबे. एका सकाळी ती बेरीज करत होती. "सात आणि आठ पंधरा. पाच खाली, हातचा एक." आणि ती थांबली.

"बाई," दुर्गव्वा हळूच म्हणाली, "ह्यो हातचा, कुनाच्या हातचा?"

वर्ग खो खो हसला. "तुज्या आईच्या!" हणमंत म्हणाला. ऋजुतालाही हसू येत होते, पण तिने ते आवरले.

"तुला काय वाटतं, कुणाच्या?"

"मला वाटलं, तुमच्या. तुमी तुमच्या हातानं वर लिवता न्हवं? म्हून मी धरतच न्हाई त्यो. दुसऱ्याच्या हातचं कशाला घ्यायचं?"

ऋजुताने तिची पाटी जवळ ओढली. उत्तरे सगळी चुकलेली, आणि सगळी एकाच जागी, एकाच कारणाने. आतापर्यंत ती त्याला वेंधळेपणा समजत होती आणि मुलीला लक्ष दे, लक्ष दे म्हणत होती. तिने मुलांना बाहेर नेले, खडी गोळा करायला लावली आणि दोन घमेली मांडली. दहा खडे झाले, की ते उचलायचे आणि त्यांच्याऐवजी एकच मोठा दगड शेजारच्या घमेल्यात टाकायचा. दुर्गव्वाने दोनदा करून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्ता! हातचा कशाला म्हनायचा? घमेल्याचा म्हना की!"

त्यानंतर ती विचारत सुटली. 'रिकाम्या जागा भरा' लिहिलेय, तर कशाने भरायच्या, मुरमाने? 'खालील उतारा वाचा' म्हणतात, पण उतार तर आपल्या रस्त्याला आहे, तो वाचायचा कसा? मुले हसत आणि उत्तर आले की पुढे सरकून ऐकत, कारण त्यांनाही ते ठाऊक नसे. उन्हाळा सरता सरता दुर्गव्वा बेरजा बिनचूक करू लागली आणि अडखळत का होईना, छापील पान वाचू लागली.

ज्येष्ठात शाळा उघडली. त्या दिवशी ऊनही नव्हते आणि पाऊसही नव्हता. आप्पा ओसरीवरच्या बाकावर बसले. ऋजुता यल्लव्वाला, दुर्गव्वाला आणि हणमंताला घेऊन कार्यालयात गेली. मुख्याध्यापिकाबाई मनाने वाईट नव्हत्या. पण टेबलापुढे पालकांची रांग होती आणि फोन सारखा वाजत होता.

हणमंत पुढे झाला. बाई भराभर बोलल्या. "हे बघ, रोज यायचं. गणवेशात यायचं. परिपाठाला हजर राहायचं, स्वाध्याय पूर्ण करून आणायचे. कळलं का?"

"हो बाई!"

"छान. चुणचुणीत आहे. चौथी." त्यांनी मान वर न करताच पुढे विचारले, "आणि तू? हेच सगळं तुलाही. कळलं का?"

दुर्गव्वा गप्प राहिली. यल्लव्वाने तिला मागून चिमटा काढला. "हो म्हन की गं."

"न्हाई कळलं," दुर्गव्वा म्हणाली. "स्वाध्याय म्हंजे काय?"

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून ऋजुताकडे पाहिले. "एवढंही माहीत नाही हिला?"

"बाई, तिला बेरीज येते, वाचता येतं. विचारून तर पाहा."

"अहो, चौथीत गांगरून जाईल ती. तिच्या भल्यासाठीच सांगते. पहिलीत बसू दे."

"हणमंतालाही ते माहीत नाही, बाई. त्यानं फक्त विचारलं नाही."

"हो हो, समजलं मला," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला. "पुढचे कोण आहेत? या."

ओसरीवर आल्यावर ऋजुताने हणमंताला विचारले, "स्वाध्याय म्हणजे काय रे?"

"डबा असंल," हणमंत म्हणाला.

यल्लव्वा मुलीचा दंड धरून फाटकाकडे निघाली होती. चालता चालता ती तिला वडारीत काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. ऋजुता आप्पांसमोर उभी राहिली.

"तुमचं ऐकलं, आप्पा. नसतं ऐकलं, तर आज 'हो' म्हणून ती चौथीत गेली असती."

"गेली असती," आप्पा म्हणाले.

"एवढंच?"

आप्पा बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिले. "इतके उन्हाळे आपण सगळे खाणीवरच गेलो. मुलांना बोलतं करायला. त्यांचं बोलणं जिथं पोचायचं होतं, तिथं एकदाही येऊन बसलो नाही. इथल्या माणसांनाही कुणी थांबायला शिकवलेलं नसतं, ऋजुता. 'कळलं का' विचारलं, की त्यांनाही पुढचा माणूस बोलवायचा असतो. मी हे अर्धंच काम पूर्ण समजून करत आलो. त्याची किंमत आज त्या पोरीनं दिली."

ते उठले, कार्यालयात गेले आणि पालकांच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहिले. ऋजुताही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यांची पाळी आली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि दिवाळीनंतर पाहू, असे सांगितले.

हणमंत चौथीत बसला. दुर्गव्वाचे नाव पहिलीत घातले गेले. यल्लव्वाने तिला पाठवले नाही. दसऱ्याच्या आधी तिचे नाव पटावरून कमी करण्यात आले.